नाव वगळून

टॉर्सेन, साउथ डकोटा
२२ सप्टेंबर, रविवार

मारिट,

शेरीफच्या डेप्युटीने काल माझं काचेचं भांडं कागदी पिशवीतून आणून टेबलावर ठेवलं. तीन तुकडे. तळाच्या तुकड्यावर चिकटपट्टी आणि पट्टीवर माझ्याच अक्षरात 'लव्हॉन स्ट्रँड'. तरी विचारतो, "हे तुमचं का?" वाचता येत असताना विचारायचं कशाला? मी म्हटलं, माझंच, दोन वर्षांपूर्वी मुलगी घेऊन गेली होती. कुठल्या भांडणात आणि दार किती जोरात आपटून, ते मी त्याला सांगितलं नाही.

कोपऱ्यात आलुबुखाऱ्याचा गर वाळून चिकटला होता. म्हणजे केक केला होतास. भांडं परत करताना रिकामं द्यायचं नाही, एवढं तरी माझं लक्षात ठेवलंस.

तो पुढच्या दाराने आला. पुढच्या दाराने फक्त परके आणि पोलीस येतात, तेव्हा वाजल्याबरोबर मी आधी गॅस बंद केला. मग त्याने वहीतलं वाचून दाखवलं. त्या शनिवारी नाल्याच्या पुलावर कर्टिस व्हेटर आणि आणखी तिघे बंदुका घेऊन उभे होते. तुमची व्हॅन थांबली. चालवणारा माणूस सीटखालून काहीतरी चकाकतं वर काढत होता. कर्टिसने गोळी झाडली. ते चकाकतं म्हणजे हे भांडं.

त्या माणसाचा कोपर कसा आहे? डेझमंड ना? हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात आचारी आहे, म्हणे. येण्याआधी पाठवलेल्या कार्डावर तू 'एका माणसाला तुला भेटवायचंय' एवढंच लिहिलं होतंस. कोण, कुठला, कसा, काही नाही. मग मी काय समजायचं?

कर्टिसला तू ओळखतेस. तुझ्या वर्गात होता, बाबा गेल्यापासून दर हिवाळ्यात माझ्या दारातला बर्फ तोच काढतो. तो गुंड नाही. घाबरला होता. सगळं गाव घाबरलं होतं. शहरातून दोन व्हॅन भरून माणसं येतायत, त्यांच्याकडे हत्यारं आहेत, कोर्ट जाळणार आहेत, असं जो तो सांगत होता. त्यात तुमची गाडी आली. तुम्हालाही गावात पाय ठेवायला तोच दिवस सापडला का? काउंटीने ठराव केला की बंदुकीवरचा कुठलाही कायदा इथे चालणार नाही; बरं, केला. तुम्ही सातजण गोळीबारात मेलेल्यांची नावं पुठ्ठ्यावर लिहून कोर्टासमोर उभे राहिल्याने तो ठराव फिरणार होता का?

रायफल बाबांची होती हे तुला कळलंच असेल. कर्टिसची दुरुस्तीला गेली होती, म्हणून त्याने कपाटातली नेली. मी तेव्हा तळघरात कपडे धूत होते.

तुझ्या फोनवरून कुणी काही पसरवलं नाही ना? नीट आठवून बघ.

आई

१ ऑक्टोबर

मारिट,

तुझं कार्ड मिळालं. 'अफवा कुणी उठवली ते शोध. सापडलं तर लिही. तोवर नको.' दोन वर्षांत लेकीच्या हातचं हे दुसरं कार्ड, तीन वाक्यं, तीही हुकमाची. पण मी हे पत्र लिहितेच आहे, कारण शोध सुरू केला एवढं तरी तुला कळायला हवं.

गावाचं विचारशील तर सगळे एकमेकांकडे तिरप्या नजरेने बघतायत. हार्डवेअरच्या दुकानातली कुलुपं संपली. मी आपल्या घराची किल्ली शोधायला गेले तर सापडेना. चाळीस वर्षांत लावलंय कोणी कुलूप? शेवटी बटणांच्या डब्यात एक मिळाली, ती ट्रॅक्टरची निघाली. आता रात्री दाराला खुर्ची लावून झोपते. समोरून येणारा ओळखीचा असला तरी पूर्वीसारखी ओळख दाखवायला स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलत नाही. आधी गाडीत आणखी कोण आहे ते बघतो.

माझा पहिला संशय नव्या औषधवाल्यावर होता. तो बाहेरचा आहे, शिवाय फार हसतो. पण तो तीन आठवडे आपल्या आईकडे टेक्सासला होता. गेला हातचा.

मग आठवलं, मी स्वतः हे ऐकलं ते ओपलकडून. प्रार्थनेच्या साखळीवर. लहानपणी तू टेबलाखाली बसून ऐकायचीस, आठवतं? कुणाकडे आजारपण, अपघात, काहीही असो, मी बर्नडीनला फोन करते, ती पुढच्या बाईला, अशा आम्ही नऊजणी. नववी ओपल. ती शेवटी मला उलटा फोन करून सगळं वाचून दाखवते, मधे काही गळू नये म्हणून. त्या गुरुवारी तिने मला वाचून दाखवलं ते असं: "दोन व्हॅन भरून शहरातले लोक शनिवारी कोर्टावर चाल करून येतायत. हत्यारं आहेत. देवाने आपलं रक्षण करावं."

म्हणजे नऊजणींपैकी कुणीतरी ही ब्याद घरात आणली. मी नवव्या दारापासून सुरुवात करते. एकेक करत मागे जाईन. सोडणार नाही.

आई

९ ऑक्टोबर

मारिट,

ओपलने कॉफी ठेवली, लिंबाच्या वड्या ठेवल्या, आणि मी विषय काढताच त्या वड्यांची बशी स्वतःकडे ओढून घेतली. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"हत्यारं हा शब्द कुणाचा गं, ओपल?"

"मला जे सांगितलं ते मी सांगितलं."

"शब्द न शब्द?"

"अगं, भांडायला येतायत म्हटल्यावर काय रिकाम्या हातांनी येतील? मी आपलं नीट समजेल असं म्हटलं. प्रार्थना करायची तर देवाला तरी नीट कळायला नको का?"

म्हणजे हत्यारं ओपलची. देवाला समजावून सांगायला घातलेली. आणि जेवताना तिने ती नवऱ्यालाही समजावून सांगितली. त्या दिवशी पुलावर तोही होता.

तिच्याआधीच्या दोघी म्हणाल्या, आम्ही जसंच्या तसं पुढे दिलं. एकीने माझ्याकडे बघून सांगितलं, दुसरीने खिडकीकडे. दुसरीवर मी अजून विश्वास ठेवलेला नाही.

सहावी डॉना मे. तिची सून फार्गोला बाळंत झाली म्हणून ती दोन दिवस तिकडे होती, साखळी तिच्यापाशी अडकून पडली होती. मी विचारलं, तू ऐकलंस तेव्हा व्हॅन एक होती की दोन?

"एकच म्हणाली असेल बाई. पण मी तिथे हॉस्पिटलात बसून दोन दिवस टीव्ही बघत होते. एक गाडी कधी दाखवतात का? नेहमी दोन-चार तरी असतात. आणि जाळपोळ."

"तू जाळपोळीचंही सांगितलंस?"

"प्रार्थनेत नाही!" ती दुखावून म्हणाली. "ते मी केस कापणाऱ्या बाईकडे बोलले."

बघ, कशी माणसं. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतात. पाचवीने 'येतायत'चं 'चाल करून येतायत' केलं, कारण तिला ते जास्त प्रार्थनेसारखं वाटलं. चौथीने 'भांडण होऊ नये' मधलं 'होऊ नये' गिळलं आणि भांडण तेवढं पुढे पाठवलं. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. वाईट असतं तर किती सोपं झालं असतं, एकीचं तोंड तरी धरता आलं असतं.

एक सांगायचं राहिलं. त्या शुक्रवारी मी तळघरात नव्हते. कर्टिस मागच्या दाराने आला. म्हणाला, "मिसेस स्ट्रँड, ऑरिनकाकांची रायफल असेल तर हवी होती. नुसतं पुलावर उभं राहायचंय. दिसली की परत जातील ते." कपाट मी उघडलं. जुन्या फ्लॅनेलने पुसून, दस्त्यावर कर्टिसचा हात नीट बसतो का बघून, मी त्याला दिली. गोळ्यांचा डबा कुठे आहे तेही मीच दाखवलं. डेप्युटीला मी तळघराचंच सांगितलंय.

आई

१७ ऑक्टोबर

मारिट,

तिसरीला दम्याचा त्रास, तिला जास्त छेडलं नाही. राहिली बर्नडीन.

बर्नडीन फोनशेजारी वही ठेवते. तीस वर्षांच्या वह्या तिच्याकडे आहेत, कुणाची पित्ताशयाची शस्त्रक्रिया केव्हा झाली हे डॉक्टरपेक्षा तिला पक्कं माहीत. मी म्हटलं, त्या आठवड्याचं पान काढ. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. "तुला खरंच बघायचंय, लव्हॉन?"

"काढ म्हटलं ना."

तिने वही माझ्यासमोर सरकवली आणि स्वतः सिंककडे जाऊन धुतलेलेच कप पुन्हा धुवायला लागली.

मंगळवार. तिचं बारीक अक्षर. 'लव्हॉनकडून. तिची मारिट शनिवारी शहरातल्या काही लोकांना घेऊन व्हॅनने येतेय. कोर्टासमोर उभे राहणार. भांडण होऊ नये म्हणून प्रार्थना करा.' माझं नाव आणि तुझं नाव दोन्ही एका रेघेने खोडलेली. वाक्य जुळवून घेतलेलं. उरलं ते असं: 'शनिवारी शहरातले काही लोक व्हॅनने येतायत. कोर्टासमोर उभे राहणार. भांडण होऊ नये.'

मी ओरडले. "खोडलंस का? मुलगी हा शब्द तरी ठेवायचास!"

"ठेवला असता तर सगळ्यांना कळलं असतं. शहरात जाऊन असले पुठ्ठे धरणारी मुलगी गावात तुझी एकटीचीच आहे." ती सिंककडेच तोंड करून बोलत होती. "माझा मुलगा रॉजर तुरुंगात गेला तेव्हा तूच नियम केलास ना? घरची लाज साखळीवर जाता कामा नये, नावं वगळायची. मी तुझे पाय धरायचे बाकी ठेवले होते त्या दिवशी. मला वाटलं, आज तुझ्यासाठी तेच करावं."

तिने माझ्यावर उपकार केला होता. तुझं नाव माझी लाज म्हणून झाकलं होतं, आणि ते झाकल्यावर व्हॅनमध्ये फक्त परकी माणसं उरली.

तू शोधायला सांगितलंस. सापडलं. साखळी माझ्यापासून निघाली, मारिट. मी देवाकडे तुझ्यासाठी मागितलं होतं. ते नऊ घरं फिरून मला परत मिळालं तेव्हा त्यात तू नव्हतीस, म्हणून मला ओळखू आलं नाही. यापेक्षा जास्त मला काही म्हणता येत नाही.

आई

२४ ऑक्टोबर

मारिट,

मागचं पत्र खोटं आहे. शेवटचा भाग.

आठ दिवस ते वाक्य मी मनात पुन्हा पुन्हा वाचतेय. 'मला ओळखू आलं नाही.' किती छान वाक्य आहे. चर्चमध्ये वाचलं असतं तर बायका रडल्या असत्या.

ओपल वाचून झालं की प्रत्येक वेळी एकच म्हणते: "घरून निघालेलं घरी पोचलं." मग फोन ठेवते. त्या गुरुवारीही म्हणाली. ज्या घरून निघतं त्याच घरी ती परत पोचवते, दुसरीकडे नाही. त्या आठवड्यात माझ्याकडून एकच प्रार्थना निघाली होती. मला कळलं, मारिट. फोन हातात असतानाच कळलं की ही माझीच आहे, ही तुझी व्हॅन आहे, हत्यारं नाहीत, दोन नाहीत.

मला एवढंच म्हणायचं होतं: "अगं ओपल, ही माझी मारिट." मी म्हटलं, "आमेन."

आधी लाज वाटली म्हणून. मग दुसऱ्या दिवशी कर्टिस दारात उभा राहिला तेव्हा लाजेच्या खाली दुसरंच काही होतं. मला वाटलं, बरं होईल. पुलावर चार बंदुका दिसल्या की व्हॅन वळेल. ते बाकीचे जातील, तो माणूसही जाईल, तू मात्र आईच्या इतक्या जवळ येऊन परत जाणार नाहीस. तिथून शेतातून चालत येशील, एकटी, मागच्या दाराने, पूर्वीसारखी. मी दोन माणसांचाच स्वयंपाक केला होता.

तुला घाबरवण्यासाठी मी बाबांची रायफल पुसून दिली. कुणाला इजा व्हावी असं माझ्या मनात नव्हतं. पण घाबरलेल्या माणसाच्या हातात बंदूक आणि गोळ्या देताना 'मनात नव्हतं' याला काय अर्थ आहे?

आणि पहिल्या पत्रात मी तुलाच विचारलं, तुझ्या फोनवरून काही पसरलं का. साखळी तपासायला नवव्या दारापासून सुरुवात केली, कारण पहिलं दार कुणाचं ते मला ठाऊक होतं. वाटेत कुठेतरी एखादी खोटारडी सापडेल आणि तिच्या दारात सगळं टाकून परत येता येईल, अशी आशा होती. आठ घरी कॉफी प्यायले. आठहीजणी माझ्यापेक्षा खऱ्या निघाल्या.

काल डेप्युटीकडे जाऊन तळघराचं खोडून खरं ते लिहून दिलं. कर्टिसला कुणी काय सांगितलं होतं आणि कुणाला खरं माहीत होतं, सगळं. तो पेन टेबलावर वाजवत बसला. म्हणाला, "मिसेस स्ट्रँड, हे फाइलमध्ये गेलं की वकील तुम्हाला सोडणार नाहीत. उद्या विचार करून या ना." सगळे किती जपतात मला. मी तिथेच सही केली.

कर्टिसला शिक्षा होईल की नाही, माहीत नाही. इथे तुला माहीतच आहे, भीती वाटली एवढं सांगितलं की ज्यूरीतल्या बारापैकी दहाजण मान डोलावतात. पण त्याला कशाची भीती वाटत होती आणि ती कुणी गप्प बसून वाढवली, हे आता कागदावर आहे.

आई

२ नोव्हेंबर, शनिवार

मारिट,

उत्तर नाही आलं. ते मी मागतही नाही. पण या आठवड्यात दोन गोष्टी झाल्या त्या सांगते.

सोमवारी मी साखळी सुरू केली. बर्नडीनला म्हटलं, वही घे आणि जसंच्या तसं लिही. "लव्हॉन स्ट्रँडसाठी प्रार्थना करा. पुलावर अडवलेली व्हॅन तिच्या मुलीची होती. तिला ते माहीत होतं आणि ती गप्प बसली. रायफलही तिनेच दिली. नावं वगळू नका." फोनमधून पेनाची खरखर ऐकू आली. मग म्हणाली, "लिहिलं."

तासाभराने ओपलचा फोन आला. मी खुर्ची ओढून बसले. तिने वाचलं:

"आपल्यातली एक बहीण त्या दिवसाच्या धक्क्यातून अजून सावरलेली नाही. तिच्या मनाला शांती मिळावी."

"ओपल, नाव कुठे आहे?"

"कुणाचं नाव?"

"माझं. आणि मी काय केलं ते?"

"अगं लव्हॉन," ती इतक्या मायेने म्हणाली की मला फोन भिंतीवर आपटावासा वाटला, "आपल्या माणसांचं आपण असं करतो का?"

आपली माणसं. मग डेझमंड कुणाचा होता? तू कुणाची होतीस? "घरून निघालेलं घरी पोचलं," म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

तेव्हा मला कळलं की या गावात ही गोष्ट तोंडातोंडी कधीच पोचणार नाही. आठजणी मिळून मला निर्दोष करून टाकतील आणि रविवारी केक आणून देतील.

म्हणून मी बाबांच्या कामाच्या खोलीतून एक पुठ्ठा घेतला. जाड काळ्या पेनने लिहिलं: 'ती व्हॅन माझ्या मुलीची होती. मला माहीत होतं. लव्हॉन स्ट्रँड.' आज दुपारी बाराला कोर्टासमोर जाऊन उभी राहिले, तुम्ही सातजण जिथे उभे राहणार होतात तिथे. समोर रस्त्यापलीकडे नेहमीचे चौघे-पाचजण बंदुका घेऊन उभे होते, आता दर शनिवारी असतात. एक म्हणाला, "मिसेस स्ट्रँड, थंडी आहे, घरी जा." दुसऱ्याने वाचलं आणि बूट बघायला लागला. इतकी वर्षं मी त्या बंदुकांच्या मागच्या बाजूला राहिले, मारिट. पुढून त्या कशा दिसतात ते मला माहीतच नव्हतं.

जामिनावर सुटलेला कर्टिस ट्रकमधून आला. काच खाली केली, पुठ्ठा वाचला, पुन्हा वाचला. मला वाटलं शिव्या देईल. त्याने एवढंच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं? मी दारात उभा होतो तेव्हा?" मी म्हटलं, "हो." त्याने काच वर केली. या हिवाळ्यात बर्फ मलाच काढावा लागेल.

पुढच्या शनिवारीही जाईन. डेझमंडला सांग, मी त्याची माफी पत्रातून मागणार नाही, तुझ्या आडून तर नाहीच. त्याने मला भेटायचं की नाही ते त्याचं त्याने ठरवावं. नाही म्हणाला तरी बरोबरच आहे.

पुढचं दार तुला आठवतं ना, पावसाने फुगून घट्ट बसलेलं? काल बिजागऱ्या काढल्या, दार तासून घेतलं, आता एका हाताने उघडतं. मागच्या दाराने ये असं मी तुला कधी म्हणणार नाही. आलात तर दोघंही पुढच्या दाराने या. कुलूप लावत नाही. खुर्चीही लावत नाही.

लव्हॉन स्ट्रँड,
तुझी आई